शिशाचे शिपाई आणि हॉर्सेलचे माळरान

दिवाळी जवळ आली की वसईत आमच्या शेजारच्या वाडीत मातीचे किल्ले उभे राहत. पोत्यावर चिखल थापून केलेला डोंगर, त्यावर मोहरी पेरून उगवलेली कोवळी हिरवळ, काड्यापेटीचे दरवाजे आणि पायथ्यापासून बालेकिल्ल्यापर्यंत ओळीने उभे असलेले मातीचे मावळे. आम्ही ख्रिस्ती घरांतील मुले. किल्ला आमच्या अंगणात होत नसे. परंतु चिखल कालवायला आम्हांला हमखास बोलावणे येई. पुढे डिसेंबरात आमच्याकडे गव्हाणीची तयारी सुरू झाली की तीच टोळी मेंढपाळांना रंग द्यायला आमच्या ओटीवर जमे. एका वर्षी मावळे कमी पडले म्हणून गव्हाणीतील एक मेंढपाळ चार दिवस तोफेपाशी पहाऱ्यावर उभा होता, आणि परत आला तेव्हा त्याच्या मेंढराचा कान तुटलेला होता. आईने तो कान मेणाने चिकटवला, पण किल्ल्यावर जायला मात्र कधी मनाई केली नाही.

लहान मूर्तींशी असलेले हे नाते बालपणाबरोबरच संपले, अशी माझी समजूत होती. २०१९ च्या उन्हाळ्यात धर्मग्रामाच्या कामातून तीन आठवड्यांची सुट्टी घेऊन मी इंग्लंडमध्ये भाच्याकडे गेलो, तेव्हा ती समजूत खोटी ठरली. भाचा संगणकाच्या क्षेत्रात काम करतो आणि लंडनच्या नैर्ऋत्येला असलेल्या वोकिंग या गावाजवळ राहतो. त्याच्या घरातील एक खोली, जिथे मी आपली बॅग ठेवणार होतो, ती एका सहा फुटी टेबलाने व्यापलेली होती. टेबलावर हिरवे कापड, पुठ्ठ्याची घरे, एक चर्च, कुंपणे, झाडे. एका अंगाला इंचाहून किंचित उंच असे लाल डगल्यांतील इंग्रज शिपाई आणि त्यांच्यामागे पितळी धुरांड्याची, वाफेवर चालणारी एक चिलखती गाडी. दुसऱ्या अंगाला वीतभर उंचीची, तीन पायांवर उभी असलेली चकचकीत यंत्रे.

‘‘फादरमामा, हे मंगळावरून आलेले,’’ भाचा म्हणाला.

‘‘आणि हे कोण?’’ मी टेबलाच्या कडेला उभ्या असलेल्या एका तुकडीकडे बोट दाखवले. खाकी पोशाख, कमरेला पट्टा, डोक्याला पागोटे.

‘‘ते आपले. इंडियन इन्फन्ट्री.’’

‘आपले’ या शब्दापाशी मी अडखळलो. प्रस्तुत लेख त्या अडखळण्यातून जन्मला आहे. आधी कबूल केले पाहिजे की माझ्या मनात या छंदाविषयी अढी होती. धर्मग्रामाच्या नाताळच्या जत्रेत खेळण्यातल्या बंदुका विकायला मी एकदा मनाई केली होती आणि त्याबद्दल काही पालक अजूनही माझ्यावर रुष्ट आहेत. तेव्हा टेबलावरचे युद्ध पाहून मी उपदेशाच्या तयारीतच होतो. पण आधी या खेळाचा इतिहास समजून घ्यावा असे वाटले, आणि इतिहासाने माझा उपदेश बराच लांबणीवर टाकला.

टेबलावर युद्ध खेळण्याची प्रथा मुळात लष्करी शिक्षणातून आली. प्रशियातील बॅरन फॉन राइस्वित्स यांनी १८१२ साली राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याच्यासाठी एक टेबल करवून घेतले होते; प्लास्टरचे तुकडे हवे तसे जुळवून त्यावर डोंगर, नद्या, गावे मांडता येत. त्यांच्या मुलाने १८२४ साली त्या खेळाचे नियम छापले. टेबलाची जागा नकाशाने घेतली, दैवाची जागा फाशाने आणि वाद मिटवण्यासाठी पंच आला. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांनी तो खेळ गंभीरपणे उचलला. त्यात खेळण्यासारखे मात्र फारसे काही नव्हते.

खेळकरपणा आला तो साहित्यिकांकडून. ‘ट्रेझर आयलंड’चे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे क्षयाच्या शंकेने १८८० नंतरचे दोन हिवाळे स्वित्झर्लंडमधील दावोस येथे काढीत होते. घराच्या माळ्यावर त्यांनी खडूने रंगीत नकाशा काढला आणि सावत्र मुलगा लॉइड ऑसबोर्न याच्याबरोबर शिशाच्या सैनिकांचे युद्ध मांडले. हे युद्ध आठवडेच्या आठवडे चाले. स्टीव्हन्सन त्याच्या बातम्या लिहीत, जणू काही वार्ताहर रणांगणावरून तारा पाठवीत आहेत. लॉइडने पुढे १८९८ साली हा वृत्तान्त एका अमेरिकन मासिकात प्रसिद्ध केला. खोकणारा, अंथरुणाला टेकलेला एक माणूस माळ्यावर पोटावर पडून एका पोराशी लढाई खेळतो आहे, हे चित्र मला मोठे हृद्य वाटते.

त्या काळी असे सैनिक बहुधा जर्मनीहून येत. ते भरीव म्हणून जड आणि महाग असत. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कुटुंबाने पोकळ ओतकामाची युक्ती काढली. वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतायचा आणि क्षणात उलटून बाहेर काढायचा. साच्याच्या भिंतीला जो पातळ थर चिकटून राहील तोच सैनिक. धातू कमी लागला, किंमत उतरली आणि मध्यमवर्गीय इंग्रज मुलाच्या हाती पलटणीच्या पलटणी आल्या. साम्राज्याच्या प्रत्येक कोपऱ्यातील फौज त्या लाल खोक्यांतून मिळू लागली. त्यांत बंगाल, मद्रास आणि मुंबई या आपल्या तिन्ही इलाख्यांतील शिपाईही होते. ज्या मुलाने मुंबई पाहिली नव्हती त्याच्या खणात मुंबईचे पायदळ कवायत करीत होते.

या खोक्यांचे एक प्रौढ गिऱ्हाईक म्हणजे एच. जी. वेल्स. सँडगेट येथील त्यांच्या घरी एकदा जेवणानंतर मुलांची खेळणी जमिनीवर पसरली होती. एका स्नेह्याने (दिलेल्या आद्याक्षरांवरून ते विनोदी लेखक जेरोम के. जेरोम असावेत असे मानतात) स्प्रिंगच्या छोट्या तोफेत लाकडी गोळी भरून एका शिपायावर नेम धरला. नेम लागला. मग पैज लागली, मग नियम झाले, आणि १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक निघाले. बारा वर्षांपासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हा खेळ आहे, असे वेल्सनी मुखपृष्ठावरच जाहीर करून टाकले होते. बुद्धिमान मुलींनाही त्यांनी सवलतीने आत घेतले होते. ती सवलत आज कोणाही मुलीला खटकेल.

त्यांचे नियम साधे आणि चतुर आहेत. पायदळाने एका खेपेस एक फूट सरकायचे, घोडदळाने दोन फूट. तोफेच्या सहा इंचांच्या आत आपले किमान चार शिपाई असल्याखेरीज ती डागता येत नाही. प्रत्येक खेळीला घड्याळ लावलेले. आरंभी मध्ये पडदा टाकून दोघांनी आपापले सैन्य गुपचूप मांडायचे. येथे फाशाला जागा नाही. नेम स्वतः धरायचा, आणि त्यासाठी पन्नाशीच्या माणसालाही पालथे पडावे लागते. भाच्याच्या आग्रहाने मी पडून पाहिले. उठताना त्याने हात दिला.

पुस्तकाच्या अखेरीस वेल्स एकदम गंभीर होतात. या खेळात कोणाची गावे जळत नाहीत, कोणाची आई रडत नाही; आणि दोन-चार डाव मांडून पाहिले की खरे युद्ध केवढे गबाळे, प्रमाण सुटलेले प्रकरण असले पाहिजे हे ध्यानात येते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. माझ्या नाताळच्या जत्रेतील मनाईला एवढे चोख उत्तर कोणी दिले नव्हते. मात्र पुढच्याच वर्षी, १९१४ साली, युरोपात खरे युद्ध पेटले आणि याच वेल्सनी, हे युद्ध सर्व युद्धांचा शेवट करील अशा आशयाचे पुस्तक लिहिले. खेळण्यांनी शिकवलेला धडा लेखकाला स्वतःलाच बारा महिनेही पुरला नाही, असे म्हणावे लागते.

परंतु भाच्याच्या टेबलावर वेल्स दुहेरी नात्याने हजर होते. खेळ त्यांचा, आणि तीन पायांची यंत्रेही त्यांचीच. या छंदाला इंग्रजीत ‘व्हिक्टोरियन सायन्स फिक्शन’ असेच नाव आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील लोकांनी जे भविष्य कल्पिले होते, ते खरे झाले असते तर कोणकोणत्या लढाया झाल्या असत्या, त्या लढायांचा हा खेळ. वाफेवरची विमाने, पितळी पाणबुड्या, चंद्रावर आणि मंगळावर गेलेल्या लाल डगल्यांच्या पलटणी.

मंगळच का, याला कारण आहे आणि त्याचा एक धागा आमच्यासारख्यांच्या ओळखीच्या ठिकाणी पोहोचतो. रोममधील येशूसंघीय धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ फादर आंजेलो सेक्की यांनी १८५८ साली मंगळाची रंगीत चित्रे काढली आणि त्यावरील एका गडद पट्ट्याला इटालियन भाषेत ‘कानाले’ म्हटले. १८७७ साली मिलानच्या स्कियापरेल्ली यांनी त्याच शब्दाच्या अनेकवचनाने ग्रहावरील रेषांचे जाळे वर्णिले. इटालियन भाषेत हा शब्द नैसर्गिक प्रवाहालाही चालतो; इंग्रजीत येता येता मात्र त्याचा खणलेला कालवा झाला. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झालेला, लोकांच्या डोळ्यांपुढे तोच. मग अमेरिकेतील पर्सिव्हल लॉवेल यांनी १८९४ साली वेधशाळा बांधली आणि मंगळावर सुकत चाललेल्या ग्रहाला पाणी पुरवणारी एक शहाणी जमात आहे असे सांगायला सुरुवात केली. १९६५ मध्ये ‘मरिनर ४’ या यानाने छायाचित्रे पाठवली तेव्हा तेथे खड्डे दिसले, कालवे नव्हते. एका धर्मगुरूच्या निरुपद्रवी शब्दावर शंभर वर्षांचे काव्य उभे राहिले. टेबलावरच्या मंगळावर ते कालवे अजून वाहतात.

वेल्स १८९५ च्या मे महिन्यात वोकिंगला राहायला आले. सायकलवरून ते आसपासची गावे पालथी घालीत आणि मंगळवासींकडून काय काय उद्ध्वस्त करवून घ्यायचे याची मनाशी नोंद करीत. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ ही कादंबरी १८९७ मध्ये मासिकातून आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आली. पहिले यान कोसळते ते वोकिंगच्या लगतच्या हॉर्सेल नावाच्या माळरानावर, वाळूच्या खाणीत. मी ती कादंबरी सेमिनरीच्या ग्रंथालयात वाचली होती, पण तेव्हा केवळ थरारासाठी. आता पुन्हा वाचताना दोन गोष्टी नव्याने दिसल्या. पहिली अशी की, पहिल्याच प्रकरणात वेल्स आपल्या इंग्रज वाचकाला टास्मानियाची आठवण देतात: युरोपियनांनी तेथील मूळ रहिवाशांचा पन्नास वर्षांत कसा संहार केला ते आठवा आणि मग मंगळवासींना नावे ठेवा. साम्राज्याच्या राजधानीवर कोणीतरी बलाढ्य, यंत्रसज्ज, निर्दय परके चालून येतात आणि इंग्रज स्वतः ‘नेटिव्ह’ होतो. कादंबरीचा सारा दंश या उलटापालटीत आहे.

दुसरी गोष्ट वोकिंगच्या मशिदीची. भोपाळच्या शाहजहान बेगमांच्या देणगीतून, पौर्वात्य विद्येचे अभ्यासक लाइटनर यांनी १८८९ साली तेथे मशीद बांधली. ब्रिटनमध्ये मुद्दाम मशीद म्हणून उभारलेल्या वास्तूंत ती पहिली मानली जाते. मंगळवासींचे उष्णकिरण सुटतात तेव्हा वेल्स एका दमात सांगतात की चर्चचा मनोरा ढासळला आणि मशिदीचा कळसही नाहीसा झाला. आपत्तीने दोघांत भेद केला नाही. धर्मगुरूंविषयी मात्र वेल्स यांचे मत फारसे चांगले नव्हते. त्यांच्या कादंबरीतील क्युरेट, म्हणजे गावच्या चर्चमधील साहाय्यक धर्मोपदेशक, संकटात धीर देण्याऐवजी स्वतःच सैरभैर होतो, रडतो, अन्नासाठी हावरेपणा करतो आणि अखेर मंगळवासींच्या तावडीत सापडतो. भाच्याच्या संग्रहात त्याचीही मूर्ती होती, हात वर करून पळणारी. ‘‘हा तुमचा मोहरा,’’ असे म्हणून त्याने ती माझ्यापुढे ठेवली. मी ती मुकाट्याने घेतली. अशा प्रसंगी मी कसा वागलो असतो हे मला ठाऊक नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद नव्याने बाळसे धरू लागला. भयपटांतील प्रसिद्ध नट पीटर कुशिंग वेल्सच्या नियमांनी युद्ध खेळत असल्याची एक वृत्तफीत १९५६ सालची आहे. रणगाड्याच्या पथकात लढून आलेले साउदम्प्टनचे डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक १९६२ मध्ये आले आणि प्रौढ माणसांना हा खेळ उघडपणे खेळण्याचा जणू परवाना मिळाला. १९७९ साली अमेरिकेतील लॅरी ब्रॉम यांनी वसाहतींतील युद्धांसाठी नियम लिहिले. त्यात पत्त्यांचा कॅट खेळाची पाळी ठरवतो, लाल पान निघाले तर एका पक्षाची तुकडी हलणार, काळे निघाले तर दुसऱ्याची. तेथून मंगळ एकच पाऊल दूर होता. ते पाऊल फ्रँक चॅडविक यांच्या ‘स्पेस : १८८९’ या खेळाने टाकले. त्याच्या जगात एडिसन ईथरमधून चालणारे यान बनवतो, १८७० मध्ये मंगळ गाठतो आणि पाठोपाठ युरोपातील सत्ता तेथे वसाहती थाटतात. मंगळावरील एका लाकडाला गुरुत्वाकर्षण लागू नाही, त्याची हवाई गलबते होतात आणि त्या लाकडासाठी झुंज लागते. मूळ प्रकाशनसंस्था १९९६ मध्ये बंद झाली, पण खेळ इतरांच्या हाती टिकला. त्यानंतर असे नियम कितीतरी निघाले. २०१३ मध्ये आलेल्या ‘इन हर मॅजेस्टीज नेम’मध्ये तर दहा-बारा मूर्तींवर संध्याकाळ निभावते.

या मूर्ती बनतात कशा, हे पाहण्यात माझे दोन दिवस गेले. कारागीर आधी लांबीसारख्या घट्ट होणाऱ्या मिश्रणातून मूळ मूर्ती कोरतो. तिच्यावरून रबरी साचा तयार होतो. तो गरगर फिरवीत त्यात वितळलेला धातू सोडतात म्हणजे तो नखाएवढ्या तोंडवळ्यापर्यंत पोहोचतो. घरी आल्यावर कडेची धातूची पापुद्री कानशीने घासायची, साबणाच्या पाण्याने धुवायचे, अस्तराचा काळा किंवा पांढरा रंग फवारायचा. मग मूळ रंग, त्यावर घड्यांत उतरणारा पातळ काळपट हात आणि शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर उजळ रंग. विकत घेण्याचा वेग रंगवण्याच्या वेगाहून नेहमीच अधिक असतो. न रंगवलेल्या मूर्तींच्या साठ्याला ही मंडळी विनोदाने शिशाचा डोंगर म्हणतात. भाच्याचा डोंगर पलंगाखाली होता.

‘‘पण वॉटर्लूच का नाही? पानिपत का नाही?’’ मी विचारले. त्याचे उत्तर मोलाचे वाटले. खऱ्या इतिहासाचे खेळाडू फार कडक असतात, गुंडीचा रंग चुकला तरी कान धरतात. मंगळावरची मोहीम झालेलीच नाही, तेव्हा तेथे कोणी चूक काढू शकत नाही. हवी ती पलटण, हवा तो रंग. या स्वातंत्र्यापोटीच पुष्कळ लोक या छंदाकडे वळतात आणि त्यात निर्मितीचा आनंद आहे, हे मी नाकारीत नाही. पण वेल्सनी पालथे केलेले जग या खेळाने अलगद पुन्हा सुलटे करून ठेवले, हे मला खुपले. मंगळवासी लंडनवर आले तेव्हा वाचक अंतर्मुख झाला होता. लाल डगलेवाला मंगळावर गेला की तोच साहसी नायक, आणि तेथले लोक पुन्हा भाले घेतलेले ‘नेटिव्ह’. चांगल्या खेळाडूंना याची जाणीव असते, हेही खरे. भाचा स्वतः बहुधा मंगळाच्या बाजूने खेळतो.

या साऱ्या मांदियाळीत भारतीय माणूस दोन रूपांत भेटतो. एक रूप कॅप्टन निमोचे. ज्यूल व्हर्न यांना तो मुळात रशियाने छळलेला पोलंडचा सरदार करायचा होता. प्रकाशक एत्झेल यांनी रशियातील गिऱ्हाइकांच्या काळजीने नकार दिला. १८७० च्या कादंबरीत निमो म्हणूनच बेवतन राहिला. १८७५ मध्ये पूर्ण झालेल्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये कळले की तो बुंदेलखंडाचा राजपुत्र डाकर, १८५७ च्या उठावात लढलेला, घरदार गमावलेला. व्हर्ननी त्याला टिपूचा भाचाही ठरवले आहे; म्हैसूर आणि बुंदेलखंड यांची सोयरीक त्यांनाच ठाऊक. हस्तलिखितात मरताना त्याच्या ओठी स्वातंत्र्याचा उद्‌गार होता, तो प्रकाशकाने बदलून देव आणि मायभूमी यांचे नाव घालायला लावले. मी धर्मगुरू असूनही मला मूळचा शब्दच अधिक प्रामाणिक वाटतो. पुढे १९५४ च्या चित्रपटात तो जेम्स मेसन या इंग्रज नटाचा चेहरा घेऊन आला. २००३ साली नसीरुद्दीन शाह यांनी त्याला पडद्यावर पुन्हा हिंदुस्थानी केले. टेबलावरच्या निमोला कधी फेटा असतो, कधी नाविकाची टोपी. ओतणाऱ्याने कोणते पुस्तक वाचले यावर ते अवलंबून.

व्हर्नचीच १८८० सालची दुसरी एक कादंबरी मराठी वाचकाने माहीत करून घेण्याजोगी आहे. तिच्यात वाफेवर चालणारा पोलादी हत्ती दोन घरे ओढीत कलकत्त्याहून हिमालयाकडे निघतो. आज अशी वाफेची जनावरे या छंदाचे भूषण आहेत, आणि व्हर्नच्या जन्मगावी, नांत येथे, २००७ पासून बारा मीटर उंचीचा यांत्रिक हत्ती माणसांना पाठीवर घेऊन फिरतो. मुलांना तो आवडणारच. कथेतील खलनायक मात्र नानासाहेब पेशवे. कानपूरचा सूड घ्यायला निघालेल्या इंग्रज कर्नलच्या हाती ते सापडतात, त्यांना त्या हत्तीला बांधतात आणि बाष्पक फुटून हत्तीसह त्यांचा अंत होतो. बिठूरहून नेपाळच्या तराईत परागंदा झालेल्या माणसाची ही अखेर एका फ्रेंच लेखकाने त्या घटनेनंतर वीसएक वर्षांतच लिहून टाकली. कानपूरला निरपराध बायकामुले मारली गेली हे मी विसरत नाही. त्यानंतर इंग्रजांनी गावेच्या गावे फासावर चढवली, ते त्या कादंबरीच्या ओघात किती वाचकांच्या ध्यानी राहिले असेल?

दुसरे रूप पागोट्यातल्या शिपायाचे, ज्याला भाचा ‘आपला’ म्हणाला. त्याच्यासाठी मला हॉर्सेलला जावे लागले.

आम्ही रविवारी मिस्सा आटोपून निघालो. वोकिंगच्या भर गावात कादंबरीच्या शताब्दीला, १९९८ मध्ये, उभारलेले सात मीटर उंच पोलादी त्रिपाद यंत्र आहे. त्याच्या पायांमधून लोक बाजारहाटाला जातात. तेथून आम्ही माळरान गाठले. वाळूची खाण पाहिली. पाणी साचलेले, कडेने मुले चिखलात खेळत होती. मी परतण्याच्या बेतात होतो, पण भाचा म्हणाला, ‘‘मामा, आणखी एक जागा आहे,’’ आणि त्याच माळरानाच्या दुसऱ्या भागात मला घेऊन गेला. पाइनच्या झाडीत विटांची चौकोनी भिंत, घुमटाचे प्रवेशद्वार, कमानी. आग्र्याचा एखादा तुकडा सरेच्या रानात ठेवावा तसे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले हिंदी शिपाई ब्रायटन व आसपासच्या इस्पितळांत आणले जात. जे दगावले त्यांतील हिंदू आणि शीख यांचे ब्रायटनच्या टेकडीवर दहन झाले. तेथे १९२१ मध्ये छत्री उभारली गेली. मुसलमानांना वोकिंगला आणीत, कारण मशीद तेथे होती. या शिपायांना धर्माप्रमाणे मूठमातीही मिळत नाही, असा प्रचार जर्मनांनी चालवला होता. त्यामुळे सरकारने घाईने हॉर्सेलच्या माळावर हे दफनस्थान बांधून घेतले. दुसऱ्या महायुद्धातही तेथे काही दफने झाली. नासधूस होऊ लागली म्हणून १९६८ च्या सुमारास अवशेष ब्रुकवूडच्या लष्करी दफनभूमीत हलवले. रिकामी जागा बरीच वर्षे पडून होती. २०१५ मध्ये तिची शांतिबाग झाली. प्रत्येक शिपायामागे एक याप्रमाणे हिमालयी बर्चची सत्तावीस झाडे लावली गेली.

ज्या माळावर वेल्सनी मंगळवासींना उतरवले, त्याच माळावर वीस वर्षांच्या आत, साता समुद्रांपलीकडून आणलेली खरी माणसे मातीआड झाली. आणि हे केवळ हॉर्सेलचे नाही. ‘लिटल वॉर्स’ छापले गेले त्यानंतर तीन वर्षांच्या आत, २९ एप्रिल १९१६ रोजी, पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात कूत येथे उपाशीपोटी शरण आली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. शरण आलेल्या सुमारे तेरा हजारांतील कितीतरी शिपाई वाळवंटातून चालवत नेताना वाटेतच कोसळले. ब्रिटनच्या खोक्यातील मुंबईच्या पायदळाशी जो इंग्रज मुलगा १९०० साली खेळला, तो १९१६ मध्ये कदाचित त्यांच्याच शेजारी उभा असेल, आणि त्याची गतीही वेगळी झाली नसेल.

भाच्याने झाडे मोजली. सत्तावीस भरली. भिंतीशी नावे कोरलेला दगड होता, तो आम्ही सावकाश वाचला. परतताना तो बराच वेळ काही बोलला नाही. मीही उपदेश केला नाही. तो करण्याजोगा माझ्याजवळ उरला नव्हता, कारण आदल्या रात्री डाव मांडला तेव्हा तोफेचा नेम लागल्याचा आनंद मला त्याच्याहून अधिक झाला होता.

घरी त्याच्या कामाच्या फळीवर आणखी तीन हिंदी शिपाई अस्तराच्या काळ्या रंगात उभे होते. त्याने कुंचला भिजवला आणि विचारले, ‘‘मामा, पागोट्याला कोणता रंग देऊ?’’

‘‘पलटण कोणती?’’

‘‘कोणतीच नाही. मंगळावरची.’’

‘‘मग खरी शोध,’’ मी म्हणालो.

तो पुस्तके काढून बसला. माझी सुट्टी संपून मी निघालो, तेव्हाही ते तिघे तसेच काळे उभे होते. नाताळात त्याने दोघांचे छायाचित्र पाठवले. तिसऱ्याच्या गणवेशाचा नीट पुरावा अजून मिळालेला नाही, असे त्याने खाली लिहिले होते.